कोर्टातील कारकून आणि पोलाद

गोमंतकात लोहखनिजाचा विषय निघाला की टन, बोटी आणि भाव यांचीच चर्चा होते. त्या तांबड्या मातीतून लोखंड निघते कसे आणि ती विद्या कोणी घडविली, याचा विचार क्वचितच होतो. त्या विद्येत मोलाची भर घालणारा सिडने गिलख्रिस्ट टॉमस हा इंग्रज तरुण कारखानदार नव्हता, प्राध्यापकही नव्हता. तो पोलीस कोर्टातील कारकून होता. त्याचे अल्पायुषी चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

टॉमसचा जन्म १६ एप्रिल १८५० रोजी लंडनचा. वैद्यक शिकण्याची त्याची इच्छा होती. परंतु वडिलांच्या निधनाने घरची स्थिती खालावली आणि कोवळ्या वयात त्याला नोकरी पत्करावी लागली. लंडनच्या गरीब वस्तीतील कोर्टात दिवसभर दारूबाज, भुरटे चोर आणि नाडलेल्या स्त्रिया यांची प्रकरणे लिहावयाची आणि सायंकाळी नोकरदारांसाठी चालणाऱ्या बर्कबेक संस्थेत रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकावयाची, असा त्याचा क्रम होता. बीडातील स्फुरद काढून टाकण्याची युक्ती ज्याला साधेल त्याचे भाग्य उजळेल, असे तेथील एका अध्यापकाने सांगितले. ते शब्द त्याच्या मनात घर करून राहिले.

हा प्रश्न काय होता? खनिजात लोखंड प्राणवायूशी बांधलेले असते. झोतभट्टीत कोक जळून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तो प्राणवायू ओढून घेतो आणि चुनखडीच्या योगाने दगडमातीची मळी होऊन वर तरंगते. खनिजातील स्फुरद मात्र मळीत न जाता बीडातच उतरतो. १८५६ साली बेसेमरने वितळलेल्या बीडातून हवा फुंकून स्वस्त पोलाद करण्याची रीत काढली. पण त्या रीतीने कार्बन जळे, स्फुरद जात नसे, आणि असे पोलाद थंडीत ठिसूळ होई. त्यामुळे युरोपातील खनिजांचे प्रचंड साठे पोलादाच्या दृष्टीने कुचकामाचे ठरले होते.

टॉमसने दोष शोधला तो भट्टीच्या अस्तरात. हे अस्तर सिलिकायुक्त, म्हणजे आम्लधर्मी असे. स्फुरद जळून होणारे ऑक्साइडही आम्लधर्मी. मग आम्ल आम्लाला धरून ठेवणार कसे? अस्तर चुन्याच्या जातीचे केले आणि रसातही चुना टाकला, तर स्फुरद त्या चुन्याशी जखडून मळीत उतरेल, असे त्याने १८७५ च्या अखेरीस ताडले. वेल्समधील एका लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ असलेला मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याच्या साह्याने, कोर्टाची नोकरी सांभाळून, त्याने लहानशा भट्टीवर प्रयोग चालविले.

मार्च १८७८ मध्ये लोखंड व पोलाद तज्ज्ञांच्या लंडन येथील सभेत त्याने आपले यश जाहीर केले, तेव्हा या अपरिचित तरुणाकडे कोणी लक्ष दिले नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या अधिवेशनात त्याचा निबंध वाचलाच गेला नाही. तथापि मिडल्सबरोच्या कारखान्याचे प्रमुख विंडसर रिचर्ड्स यांना त्यातील तथ्य उमगले आणि ४ एप्रिल १८७९ रोजी तेथील मोठ्या भट्टीत प्रयोग सिद्धीस गेला. पुढच्याच महिन्यात टॉमसने कारकुनी सोडली.

या शोधाचा मोठा लाभ मात्र त्याच्या मायदेशाहून अधिक जर्मनीने उठविला. लोरेन प्रांतातील स्फुरदयुक्त खनिज कामी आले आणि शतक संपण्यापूर्वी जर्मनीने पोलाद उत्पादनात ब्रिटनला मागे टाकले. मळीत अडकलेला स्फुरद वाया का जावा, याचाही ध्यास टॉमसने अखेरपर्यंत घेतला होता. ती मळी दळून शेतांत पडू लागली आणि पोलादाचा शत्रू पिकांचा मित्र झाला. अतिश्रमाने फुफ्फुसे निकामी होऊन १ फेब्रुवारी १८८५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, टॉमस पॅरिसमध्ये निवर्तला. मिळविलेले धन लोकसेवेसाठी वेचावे, अशी व्यवस्था त्याने बहिणीच्या हाती सोपविली होती.

आता आमच्याकडे पाहू. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकापासून आमचे खनिज बहुतांशी कच्चेच मुरगावहून परदेशी गेले. २०१२ साली खाणी थांबल्या. २०१८ साली ८८ लीजांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. मागे राहिले ते डिचोली, सत्तरी, सांग्यातील मातीचे डोंगर आणि गाळाने भरलेली शेते. त्या डोंगरांचे करावयाचे काय, हा प्रश्न आम्ही आजवर न्यायालये आणि लिलाव यांवर सोडला. तो प्रयोगशाळेचाही प्रश्न आहे, हे टॉमसचे चरित्र सांगते. शासनाने खनिजाच्या उत्पन्नातील निश्चित वाटा या संशोधनासाठी राखून ठेवावा आणि दिवसा नोकरी करणाऱ्या आमच्या मुलांसाठी तंत्रशिक्षणाचे सायंवर्ग उघडावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. कचेरीत फायली लिहिणाऱ्या एखाद्या तरुणाच्या मनात या मातीचे कोडे आजही घोळत असेल. त्याच्यासाठी संध्याकाळी एक वर्ग तरी उघडा हवा.