धोत्र्याचे विष आणि गोव्यातील वैद्य गार्सिया द ओर्ता

पणजीतील महापालिका उद्यानास ज्यांचे नाव देण्यात आले आहे, ते गार्सिया द ओर्ता हे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज वैद्य होते. १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे येथे त्यांचा जन्म झाला. स्पेनमधून हद्दपार झालेल्या आणि पुढे सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलेल्या ज्यू कुटुंबातील ते होत. सालामांका व अल्काला येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ लिस्बन येथे अध्यापन केले. १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा यांचे वैद्य म्हणून ते गोव्यात आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याच्यावर त्यांनी उपचार केले. मुंबई बेटही त्यांच्याकडे खंडाने होते. ग्रीक व अरबी ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर त्यांचा भर असे आणि देशी वैद्यांना विचारण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. भारतीय औषधींवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापला गेला.

त्यातील धोत्र्यावरील प्रकरण आजच्या औषधशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. घरातील नोकर किंवा चोर अन्नात धोत्रा मिसळून ऐवज पळवीत. विषबाधा झालेली व्यक्ती भान हरपून हसत राहते, काही विचारल्यास धड उत्तर देत नाही, मागेल त्याला वस्तू देऊन टाकते आणि हा अंमल सुमारे २४ तास टिकतो, असे ओर्ता यांनी नोंदविले आहे. संस्कृतात धोत्र्यास उन्मत्त असेही नाव आहे, तेव्हा हा गुण येथील वैद्यांना आधीपासूनच ठाऊक होता.

या लक्षणांचे कारण मात्र विसाव्या शतकात उलगडले. मज्जातंतूंचे संदेश पोहोचविणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन ओटो लोवी यांच्या १९२१ मधील प्रयोगामुळे प्रकाशात आले. त्यासाठी लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धोत्र्यातील ॲट्रोपिन व स्कोपोलामिन ही द्रव्ये ॲसिटिलकोलिनचे कार्य रोखतात. त्यामुळे तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते आणि भ्रम होतो. आतड्यांची हालचालही मंदावत असल्याने बिया पोटात अधिक काळ राहतात. वांती व बस्ती देऊन पोट रिकामे करण्याचा ओर्ता यांचा उपचार म्हणूनच तर्कशुद्ध ठरतो.

हेच ॲट्रोपिन आज प्राण वाचविण्यासाठी दिले जाते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांमुळे शरीरात ॲसिटिलकोलिन साचते, लाळ व घाम सुटतो, छातीत स्राव भरून श्वास कोंडतो. अशा रुग्णाला ग्रामीण रुग्णालयातही प्रथम ॲट्रोपिनचे इंजेक्शन देण्यात येते.

ओर्ता यांना मात्र आपली श्रद्धा जन्मभर लपवावी लागली. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, सुरू झाले. १५६८ मध्ये ओर्ता यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. नातेवाइकांच्या जबान्यांत ओर्ता यांचेही नाव आले होते. १५८० मध्ये त्यांच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आल्या. तोपर्यंत त्यांचा ग्रंथ युरोपात पोहोचला होता. वनस्पतितज्ज्ञ क्लुसियस यांनी १५६७ मध्येच अँटवर्प येथून त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला होता.