द्राक्षवेलीच्या मुळाशी इंदूरचे खत

बाग घरची, वाइन घरची आणि वेलीला रासायनिक खताचा कणही नाही, अशा छोट्या कौटुंबिक वाइनरीचे युरोपात आता कुणाला नवल वाटत नाही. आपल्याकडेही नाशिकच्या बाजूला वाइनचा विषय निघाला की ‘सेंद्रिय’ हा शब्द कानावर येतो. हे सारे परदेशी फॅशनबरोबर आले, असा अनेकांचा समज आहे. त्यामागच्या विचाराची वंशावळ शोधत मागे गेले, तर मात्र वाट इंदूरला, होळकरांच्या काळ्या जमिनीत खणलेल्या दोन फूट खोल खड्ड्यांपाशी पोचते. त्या खड्ड्यांमागचा माणूस म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड.

आम्हा अंकुशनगरच्या लोकांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी. समर्थ साखर कारखान्याभोवतीचा हा सारा मुलूख उसाचा. जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहेच, आणि कडवंचीने तर द्राक्षांचे गाव म्हणून नाव मिळवले आहे. या पिकांखालची काळी माती माळव्यातल्या मातीची सख्खी बहीण. तिला आपण काय परत देतो, हाच हॉवर्ड यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता.

इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात १८७३ साली एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिक्षण झाले आणि वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी पिकांवरच्या बुरशीच्या तज्ज्ञाची नोकरी धरली. तेथेच एक बोच सुरू झाली. रोगाचा अभ्यास करायचा, उपाय सांगायचा; पण तो स्वतः पीक घेऊन पडताळायला हाताशी जमीन नाही. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट म्हणून ते आले आणि ७५ एकर जमीन मागून घेतली. भोवतालचे शेतकरी औषधे न फवारता निरोगी पिके कशी काढतात, हे ते पाहत राहिले. हे शेतकरी आणि पिकांवर पडणारी कीड, या दोघांना त्यांनी गुरू मानले. राज्यकर्त्यांच्या जातीतला एक साहेब तेव्हा असे म्हणतो, ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्या या संसारात विज्ञानही घरचेच होते. पत्नी गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. पुसाचे गाजलेले गहू दोघांनी मिळून निवडले. उन्हाळ्यात दोघे क्वेट्ट्याच्या फळसंशोधन केंद्रावर जात. बलुचिस्तानातले शेतकरी चर खणून त्यांत द्राक्षे लावत. त्या वेलींवर फवारणी होत नसे, तरी रोगराई दिसत नसे. बुरशीच्या या तज्ज्ञाच्या मनात तेव्हापासून घर करून बसले की, रोग हा शत्रू कमी आणि जमिनीच्या दैन्याची चुगली करणारा साक्षीदार जास्त.

१९२४ साली इंदूरला वनस्पतिउद्योग संस्था उभी राहिली. होळकर संस्थानाने तीनशे एकर जमीन दिली, पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा. म्हणजे हेतू उघड होता : कापूस वाढावा. हॉवर्ड यांनी मात्र कापसाच्या आधी मातीचा विचार केला. पऱ्हाट्या सहज कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरायच्या आणि बैलगाड्यांखाली चिरडू द्यायच्या. मग तीस फूट लांब, चौदा फूट रुंद खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. पाणी शिंपडायचे, तीन वेळा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर करायचा. यातले विकत घेण्याजोगे जवळजवळ काहीच नाही.

ही पद्धत १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे आली, तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावे होती : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्ड यांना जग सेंद्रिय शेतीचे जनक म्हणते. वाडांचे नाव मात्र आपणा मराठी माणसांनाही आठवत नाही. हॉवर्ड गेल्यानंतरही वाडांनी इंदूरला काम चालू ठेवले आणि १९३४ साली जॅक्सन यांच्यासह वस्तीतील घाणकचऱ्याचे खत करण्यावर लिहिले. १९३५ साली गांधीजींनी इंदूरला हे काम प्रत्यक्ष पाहिले.

गॅब्रिएल १९३० सालीच गेल्या होत्या. हॉवर्ड यांनी पुढे त्यांची बहीण लुईझ हिच्याशी विवाह केला; तिनेच त्यांचे कार्य नंतर लिहून ठेवले. १९३४ साली ‘सर’ झालेल्या हॉवर्ड यांनी निवृत्तीनंतर फ्रान्सच्या दक्षिणेतल्या द्राक्षबागा पाहिल्या. तिथे गोठे ओस पडत होते, ट्रॅक्टर आणि फवारणीची यंत्रे येत होती. जनावर गेले की वेलीचे खत गेले, आणि खत गेले की फवारा येतो, हे त्यांचे निदान. १९४० साली ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ आले आणि त्यातून अमेरिकेत रोडेल, इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर यांच्या चळवळींना बळ मिळाले.

हॉवर्ड सर्वच बाबतीत बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, तर नुसत्या कंपोस्टाने डाऊनी थांबत नाही, हे द्राक्ष बागायतदाराला सांगावे लागत नाही. पण त्यांचा मूळ हिशेब चुकलेला नाही. मी बँकेत शेतीकर्जाचे काम पाहिले आहे. पीककर्जाचा एक भाग खताच्या रूपाने देण्याची रीत होती. दुकानाच्या पावतीवर तो उचलता येई. ज्याने तीन महिने राबून घरच्या उकिरड्याचे सोने केले, त्याला पावती कोण देणार? त्याचे श्रम आमच्या कागदावर शून्य. आता तर आपण रसायने वापरली नाहीत, हे सिद्ध करणारे प्रमाणपत्र मिळवायलाच त्याला पैसे मोजावे लागतात. पाचटाला काडी लावणाऱ्याला मात्र कुठलाच दाखला लागत नाही.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड गेले. ज्या देशाकडून ते शिकले, तो स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पुढे आपण धान्य वाढवले, ते वाढवणे भागच होते. पण जमिनीकडून उचललेल्या कर्जाची परतफेड तेवढी थकत गेली. या खात्याला ना माफी आहे, ना पुनर्गठन.