बाप्तिस्म्यासाठी घरदार सोडलं, तरी बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही दरबारात जागा देणारे रेव्हरंड टिळक

टिळक म्हटलं की डोळ्यासमोर लोकमान्यांची पगडी येते. पण मराठीत आणखी एक टिळक होऊन गेले. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता वाचली असेल, तर त्या टिळकांशी तुमची ओळख झालेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातला हा चित्पावन ब्राह्मण ख्रिस्ती झाला, आणि पुढे त्याने ख्रिस्ती लोकांनाही विचार करायला लावेल असं एक पाऊल उचललं.

आधी मूळ प्रश्न समजून घेऊ. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी. पण तारण, म्हणजे पापातून सुटका आणि देवाजवळ जागा, मिळण्यासाठी तो हवाच का?

यावर ख्रिस्ती लोकांचंही एकमत नाही. कॅथलिक चर्च बाप्तिस्मा आवश्यक मानतं. मात्र ज्याला तो घ्यायचा होता, पण घेण्याआधीच मरण आलं, त्याची इच्छाही धरली जाते. बरेच प्रोटेस्टंट पंथ म्हणतात, तारण विश्वासाने होतं, बाप्तिस्मा ही त्याची खूण. साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपल्याकडची मुक्तिफौज, तर हा विधी करतच नाही. बायबलमध्येही दोन्ही बाजूंना आधार सापडतो. येशूने शिष्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली, आणि त्याच येशूने शेजारच्या क्रुसावर मरणाऱ्या गुन्हेगाराला बाप्तिस्म्याशिवाय स्वर्गाचं आश्वासन दिलं.

पण १९ व्या शतकातल्या महाराष्ट्रात हा फक्त पंडितांच्या वादाचा विषय नव्हता. मनात ख्रिस्ताला मानलं तर कुणाला कळत नसे. डोक्यावर पाणी पडलं की मात्र जात गेली, पंगत गेली, नातीगोती तुटली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. शिक्षण नाशिकला झालं. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. स्वभाव भटका, एका नोकरीत मन रमत नसे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि जाताना त्याने टिळकांच्या हातात बायबल ठेवलं. ते वाचताना येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थबकले. शत्रूवरही प्रेम करायला सांगणारी ती शिकवण त्यांच्या मनातून गेली नाही.

विश्वास बसला, तरी बाप्तिस्मा लगेच झाला नाही. मध्ये सुमारे दोन वर्षं गेली. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याकडून नव्हे, तर रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाकडून.

याची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून संसार मोडलेला, आणि माहेरच्या माणसांनी पंढरपूरला नेऊन ठेवलेलं. जवळपास पाच वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं-ओवळं सोबत घेऊनच. माणसामाणसांत उच्चनीच देवाने केलेलं नाही, हे त्यांना हळूहळू पटत गेलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या मनाने. ही सगळी हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे.

टिळक १९०४ मध्ये रेव्हरंड झाले. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचं संपादन त्यांनी केलं. ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाचे अभंग त्यांनी ख्रिस्तावर लिहिले. मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही म्हटली जातात. बालकवी ठोंबऱ्यांना त्यांनी घरच्या मुलासारखं सांभाळलं.

पण मिशनच्या कामात वर्षं काढल्यावर त्यांना एक गोष्ट सलू लागली. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेबाच्या गोटात जाणं, असं लोकांना वाटत होतं. ख्रिस्तावर प्रेम करणारे कितीतरी जण उंबरठ्याबाहेरच थांबत होते. त्यांना येशू हवा होता, पण आपली माणसं आणि आपला समाज तोडायचा नव्हता.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूला गुरू मानणाऱ्यांची ही बंधुता होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिच्यात जागा होती.

म्हणजे बाप्तिस्मा निरर्थक, असं टिळक म्हणत होते का? तसं नाही. ज्या विधीसाठी त्यांनी पाच वर्षं बायको-मुलाचा वियोग सोसला, तो त्यांना क्षुल्लक वाटणं शक्यच नव्हतं. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी कधी नाकारला नाही, चर्चही सोडलं नाही. फक्त ज्याने पाणी घेतलं नाही, तो ख्रिस्ताचा शिष्यच नाही, हे म्हणायला ते तयार नव्हते.

यात जोखीम होती. बाप्तिस्म्याची अटच नसेल, तर उघडपणे ख्रिस्ती होऊन बहिष्कार सोसलेल्यांचं काय, असा प्रश्न कुणीही विचारला असता. आणि चर्चचा सभासद कोण, हे ठरवायचं तरी कशावर? या प्रश्नांची उत्तरं दरबार चालवूनच मिळाली असती. पण तेवढा वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला. त्यांच्यामागे दरबारही फार काळ टिकला नाही.

त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. दरबाराने विचारलेला प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. ख्रिस्ताला मनोमन मानणारी, पण बाप्तिस्मा न घेतलेली माणसं आजही भारतात आहेत, आणि त्यांना आपलं म्हणायचं की नाही, यावर चर्चमध्ये आजही दोन मतं आहेत.