थॉमस गॅलॉडेट: शिकविण्यासाठी शिकावयास गेलेले उपदेशक

अमेरिकेतील अँडोव्हर येथील ईश्वरज्ञानाच्या विद्यालयाचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. सन १८१३ मध्ये मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी तेथेच शिकले. त्यांच्यामागून त्याच विद्यालयात थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट नावाचे प्रकृतीने नाजूक असे एक तरुण गृहस्थ आले. त्यांचा जन्म १७८७ साली फिलाडेल्फिया शहरी झाला होता. उपदेशक व्हावे हा त्यांचा बेत होता. पण देवाने त्यांस वेगळीच मंडळी नेमून दिली.

सन १८१४ मध्ये ते हार्टफर्ड येथे आपल्या घरी आले असता, शेजारच्या डॉक्टर कॉग्सवेल यांची नऊ वर्षांची अ‍ॅलिस त्यांच्या दृष्टीस पडली. लहानपणी तापाने तिचे ऐकणे गेले होते व त्याबरोबर बोलणेही. गॅलॉडेट साहेबांनी आपली टोपी तिच्या हाती दिली आणि त्या शब्दाची इंग्रजी अक्षरे जमिनीवर लिहिली. असे करता करता त्या लेकरास समजले की ही अक्षरे म्हणजेच ही वस्तू. बहिऱ्या मुलास बुद्धी नसते असे म्हणून त्यास गुरांमागे धाडून देणारे आईबाप आपणांतही आहेत; त्यांनी या टोपीचा विचार करावा.

डॉक्टरांनी व गावच्या सज्जनांनी वर्गणी जमविली आणि १८१५ च्या मे महिन्यात साहेबांस ही विद्या शिकून येण्यासाठी विलायतेस पाठविले. तेथे त्यांची फार निराशा झाली. ब्रेडवुड नावाच्या घराण्याने ही विद्या जणू आपली मिरास करून ठेविली होती. लंडनच्या शाळेने तीन वर्षे हाताखाली राबण्याची अट घातली. एडिंबरो येथील गुरुजी शिकविण्यास राजी होते, परंतु ते करारपत्राने बांधलेले होते. दीनांच्या कामाच्या विद्येस असे कुलूप घालणे आम्हांस खचित निंद्य वाटते.

पण लंडनातच फ्रान्सचे सिकार नावाचे धर्मगुरू आपल्या दोन बहिऱ्या शिष्यांसह आले होते. ते रोमन कॅथलिक, तरी त्यांनी काही आडपडदा न ठेविता साहेबांस पॅरिसच्या शाळेत बोलाविले. सन १८१६ मध्ये तेथे साहेब अगदी खालच्या वर्गापासून वरच्या वर्गापर्यंत बसत गेले, आणि लोराँ क्लेर्क नावाच्या बहिऱ्या शिक्षकापाशी खाणाखुणांची भाषा वेगळी शिकले. पदवीधर मनुष्याने, ज्यास लोक मुका म्हणत, त्यास गुरू करावे, ही नम्रता आम्हांस त्यांच्या सर्व विद्येहून मोठी दिसते.

पैसा व वेळ संपत आला, शिक्षण मात्र अपुरेच राहिले. तेव्हा त्यांनी क्लेर्क यांसच बरोबर येण्याची विनंती केली. जहाजावर ५२ दिवस गेले. त्या दिवसांत क्लेर्क यांनी साहेबांस खुणा शिकविल्या व साहेबांनी क्लेर्क यांस इंग्रजी. पुढे १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा उघडली. पहिल्या विद्यार्थ्यांत अ‍ॅलिस होतीच. इतर प्रांतांतूनही शिक्षक तेथे ही पद्धत शिकावयास येऊ लागले.

आपल्या अनुभवावरून साहेबांची अशी खात्री झाली की, सुतार आपले काम शिकतो तसे शिक्षकानेही आपले काम शिकले पाहिजे. नुसते वाचता येणे पुरे नाही. सन १८२५ मध्ये त्यांनी केवळ शिक्षक तयार करणारी विद्यालये असावीत असे लेख लिहिले. त्या वेळी अमेरिकेत तशी एकही सरकारी शाळा नव्हती. पहिली १८३९ मध्ये निघाली.

श्रमाने प्रकृती खालावल्यामुळे १८३० मध्ये त्यांनी शाळा सोडली. त्याच वर्षाच्या अखेरीस, बाप वारल्यावर थोड्याच दिवसांत, अ‍ॅलिसही वारली. साहेब पुढे मुलांसाठी पुस्तके लिहीत व वेड्यांच्या इस्पितळात उपदेश करीत राहिले, आणि १८५१ मध्ये प्रभूत निजले.

त्यांची पत्नी सोफिया ही त्याच शाळेची बहिरी विद्यार्थिनी. शाळेत प्रथम बसली तेव्हा ती १९ वर्षांची होती. सन १८५७ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा एडवर्ड वॉशिंग्टन येथील बहिऱ्यांच्या शाळेवर गेला, तेव्हा या वृद्ध मातोश्री त्या शाळेच्या मेट्रन झाल्या. सन १८६४ मध्ये त्याच आवारात बहिऱ्यांचे कॉलेज निघाले. त्यास आज गॅलॉडेट यांचे नाव आहे.