वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोग, रक्तगट आणि कुष्ठरोग या विषयांवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा व घशाचा कर्करोग यांचा संबंध तपासणाऱ्या आरंभीच्या भारतीय संशोधकांत त्यांची गणना होते.

शिक्षण व कारकीर्द

खानोलकरांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात झाले. १९२३ साली त्यांनी तेथून विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे संचालकपद खानोलकरांकडे आले.

१९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. १९६६ साली हे केंद्र व रुग्णालय एकत्र करून टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. पुण्यात जन्मलेल्या पेशीजीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी १९४९ साली खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली.

कर्करोग: जात की सवय?

मुंबईच्या रुग्णालयात निरनिराळ्या प्रांतांचे, धर्मांचे व जातींचे रुग्ण येत. कोणत्या समाजात शरीराच्या कोणत्या भागाचा कर्करोग अधिक आढळतो, यात ठळक फरक दिसे. हा फरक रक्तातून आलेला आहे की राहणीतून, हा प्रश्न खानोलकरांनी हाती घेतला. उत्तराचा परिणाम दूरगामी होता. रोग केवळ आनुवंशिक असेल तर प्रतिबंधाला फारसा वाव उरत नाही. तो सवयींमुळे होत असेल तर तो टाळता येतो.

त्यांनी दोन्ही बाजूंनी शोध घेतला. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्यासह चालीरीतींशी निगडित कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर सतत घर्षण होऊन उद्भवणारा त्वचेचा कर्करोग त्यांत होता. १९४९ साली एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांमधील, रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणांची माहिती प्रसिद्ध केली. जातीतच विवाह होत राहिल्याने गटागटांत आनुवंशिक भेद टिकून राहतात, हे अशा अभ्यासांतून आकड्यांनिशी मांडता आले.

१९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे व चघळणे यांविषयीचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. चघळण्याचा संबंध मुखपोकळीच्या कर्करोगाशी, तर बिडी ओढण्याचा संबंध जिभेच्या मुळाच्या व घशाच्या कर्करोगाशी अधिक दिसला. समाजासमाजांतील फरकाचा मोठा भाग अशा रीतीने सवयींतील फरकाशी जुळला.

पुढील संशोधन

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहता व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. या पाहणीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. खेड्यांतही मुखकर्करोग प्रामुख्याने तंबाखू वापरणाऱ्यांतच आढळला.

तरीही सारखीच तंबाखू खाणाऱ्या सर्वांना कर्करोग होत नाही. याच्या उत्तराचा एक भाग पुढे जनुकांत सापडला. तंबाखूतील अनेक घातक द्रव्ये मूळ रूपात फारशी क्रियाशील नसतात. शरीरातील सायटोक्रोम पी-४५० गटाची विकरे त्यांचे रूपांतर करतात आणि त्या ओघात तयार झालेले काही रेणू डीएनएला चिकटतात. ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज गटाची विकरे अशा काही रेणूंना निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्यास मदत करतात. काही व्यक्तींमध्ये या गटातील जीएसटीएम१ या जनुकाच्या दोन्ही प्रती नसतात, त्यामुळे ते विकर तयारच होत नाही. मिश्रीसाठी तंबाखू भाजताना निर्माण होणाऱ्या बहुचक्रीय हायड्रोकार्बनांच्या बाबतीत हा अभाव महत्त्वाचा ठरू शकतो. मात्र अशा एका जनुकाचा परिणाम मर्यादित असतो. हे जनुक शाबूत असले तरी तंबाखू निर्धोक ठरत नाही.

इतर कार्य व सन्मान

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंमध्ये कसे पसरतात, याचाही खानोलकरांनी अभ्यास केला. ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे त्यांची राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले.