कपाटामागचा माणूस : आर्देशीर गोदरेज

धामणगाव बढेसारख्या गावातही पत्र्याच्या कपाटाला सरसकट "गोदरेज" म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. धातूंचा पाठ शिकवताना या नावामागचा माणूस मुलांना जरूर सांगा.

आर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. १८९१ मध्ये त्यांची तरुण पत्नी गेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. ते शिकले वकिली. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांजीबारला गेले, पण अशिलाची बाजू खरी असल्याची खात्री पटेना, म्हणून तिथेच वकिली सोडून दिली. चालून आलेलं काम असं सोडायला केवढी छाती लागते, विचार करा!

मुंबईत परतल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेची अवजारं बनवली. माल उत्तम होता. पण त्यावर भारतात बनल्याचा शिक्का हवा, असा त्यांचा हट्ट, आणि विकणाऱ्याला तो नको. धंदा तिथेच बुडाला.

मग शहरातल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून कुलपं करायचं ठरलं. मेरवानजी कामा यांनी कर्ज दिलं आणि १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये काम सुरू झालं. त्यांनी बिनस्प्रिंगचं कुलूपही काढलं. स्प्रिंग वापरून वापरून थकते, तुटते. तीच काढून टाकली तर कुलूप जास्त टिकणार.

१९०२ च्या सुमारास तिजोरी आली, आणि आपल्या पाठाचा खरा भाग इथेच आहे. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांपर्यंत असेल तर ते कमी कार्बनचं, म्हणजे मृदू पोलाद. फॅब्रिकेशनवाले त्यालाच "एमएस" म्हणतात. ते वाकतं पण सहसा तडकत नाही, त्याचा पातळ पत्रा निघतो, वेल्डिंग सोपं जातं आणि स्वस्तही पडतं. मात्र त्याला धार टिकत नाही, तापवून पाण्यात बुडवलं तरी फारसं कडक होत नाही, आणि रंग नसेल तर गंज धरतो. म्हणून विळा, कात्री, स्प्रिंग यांना जास्त कार्बनचं पोलाद लागतं.

वर्गात बांधकामाची बाइंडिंग तार वाकवून दाखवा, कितीही वळते. हॅकसॉचं जुनं पातं मात्र थोडं वाकलं की कट्कन मोडू शकतं (हे तुम्हीच करा, फडक्यात गुंडाळून, मुलांच्या हाती देऊ नका).

तिजोरीचा जोड हा चोराला सापडणारा कच्चा दुवा. आर्देशीरांनी एकाच पत्र्याला सोळा वळणं देऊन पेटी घडवली, म्हणजे जोड कमी. एवढी वळणं सोसायला पोलाद मृदूच हवं. पण पोलादातून उष्णता पटकन आत जाते. एकेरी पत्रा असता तर आगीत आतले कागद करपले असते, म्हणून त्यावर दुसरा पत्रा चढवून दुहेरी आवरण केलं. धाकटे बंधू पिरोजशा पुढे सोबतीला आले आणि कारखाना वाढला.

आर्देशीरांनी प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलाचा साबणही काढला. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले, तेही त्या काळात! पण स्वदेशी म्हणून कच्चा माल लोकांच्या गळ्यात मारणं त्यांना पटत नसे. माझ्या मते मुलांना तिजोरीइतकंच हेही सांगायला हवं. शेवटी कारखाना भावाकडे सोपवून ते नाशिकला शेतीत रमले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. अनेक मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवायची होती. त्यासाठीच्या पोलादी पत्र्याच्या लाखो मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.