तेरा पौंडांची वर्गणी

माझी पहिल्या वर्षाची फी गावानं वर्गणी काढून भरली. कुणी 50 दिले, कुणी 100. डेअरीतल्या एका वहीत सगळ्यांची नावं आहेत. एम-वनला केटी लागली तेव्हा त्या वहीच्या धाकानं मी जत्रेलाही गावी गेलो नाही.

त्याच दिवसांत लायब्ररीत विल्यम केरीचं चरित्र हाती लागलं. मराठीचं व्याकरण (1805) आणि कोश (1810) करणारा पाद्री, एवढीच मला त्याची ओळख होती.

केरीचा जन्म 1761 चा, इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी गावचा. धंदा चांभारकीचा. जोडे शिवता शिवता हा गडी लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला! 1792 मध्ये त्यानं एक पुस्तिका लिहिली. दूरदेशी मिशनरी पाठवायचे, तर चर्चमधल्या साध्या माणसांनी आठवड्याला एक पेनी द्यावी, हा त्यातला हिशोब. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला केटरिंग गावी डझनभर पाद्री जमले आणि बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी सुरू झाली. वर्गणीच्या चिठ्ठ्या म्हणे तपकिरीच्या डबीत गोळा केल्या. बेरीज 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. तीही रोख नव्हे, नुसती वचनं!

त्या भरवशावर केरी बायकामुलांसह नोव्हेंबर 1793 मध्ये कलकत्त्याला उतरला. पैसे लवकरच संपले. पुढच्या वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला. मुळात यायला नाखूश असलेल्या डोरोथीचं मन त्यानंतर कधी सावरलं नाही. ही किंमत कुठल्या वर्गणीत धरलेली नव्हती, हे मला विसरता येत नाही.

पीटर जाण्याआधीच, त्याच वर्षी केरीला मदनाबाटीच्या नीळ कारखान्यात नोकरी लागली होती. तेव्हा त्यानं सोसायटीला कळवलं, की आता माझं भागतंय, माझ्या वाट्याचे पैसे दुसरीकडे मिशनरी पाठवायला वापरा. इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसता बसलो.

धर्मांतराच्या हिशोबात पहिली सात वर्षं कोरी गेली. 1800 च्या अखेरीस कृष्ण पाल हा पहिला. देणारे मात्र देत राहिले. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत, मराठी शिकवून मिळणारा जवळजवळ सगळा पगार केरी श्रीरामपूर मिशनच्या सामाईक खात्यात टाकी. मराठीच्या कामात त्याच्या जोडीला वैजनाथ पंडित होते. 1812 मध्ये छापखाना जळाला. सुमारे 10,000 पौंडांचं नुकसान. बातमी विलायतेला पोचल्यावर दोनेक महिन्यांत तेवढी रक्कम जमली.

पण सगळं गोड नाही हं. पुढे सोसायटीतल्या नव्या मंडळींना हिशोब आणि मालमत्तेवर ताबा हवा झाला, संशय वाढला, आणि 1827 मध्ये श्रीरामपूरकर आणि सोसायटी वेगळे झाले. केरी 1834 मध्ये श्रीरामपूरलाच वारला.

मित्रांनो, त्याचा धर्म माझा नाही. पण दुसऱ्यांच्या पैशावर शिकणाऱ्याला तो जवळचा वाटतो. केटी सुटली, आणि दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप मिळाली. मग मात्र गावी गेलो. माझी वर्गणी आता बंद करा, यंदा नर्सिंगला लागलेल्या पोरीला द्या म्हणालो. डेअरीवाल्या आप्पांनी वही उघडून नवं पान काढलं. मार्क कुणीच विचारले नाहीत. मेसमध्ये पोटभर मिळतं का, एवढंच विचारलं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी